यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की

यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की (२० डिसेंबर १८९० – २७ मार्च १९६७) हे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. द्रावणातील धातूंची ओळख व प्रमाण विद्युत् प्रवाहावरून ठरवणाऱ्या ध्रुवालेखन अर्थात पोलॅरोग्राफी या पद्धतीचे ते जनक होत. या शोधासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोधणारे आजचे स्वस्त कागदी संवेदक याच परंपरेतील आहेत.

जन्म व शिक्षण

हेरॉव्हस्की यांचा जन्म प्राग येथे झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे विद्यापीठात रोमन कायद्याचे प्राध्यापक होते. १९१० मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले आणि १९१३ मध्ये पदवीधर झाले. तेथे एफ. जी. डॉनन यांच्यामुळे त्यांना विद्युत् रसायनशास्त्राची गोडी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्करी रुग्णालयात औषधनिर्माता व क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केले.

ध्रुवालेखनाचा शोध

१९१८ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ बोहुमिल कुचेरा यांनी पाऱ्याच्या थेंबांच्या प्रयोगातील एका न उलगडलेल्या विसंगतीकडे त्यांचे लक्ष वेधले. कुचेरा १९२१ मध्ये निवर्तले. हेरॉव्हस्की यांनी मात्र तो प्रश्न सोडला नाही. थेंबांचे वजन करण्याऐवजी थेंबांतून वाहणारा विद्युत् प्रवाह मोजावा, असे त्यांनी ठरवले. फेब्रुवारी १९२२ मध्ये या मार्गाने त्यांना निर्णायक यश मिळाले.

बारीक काचनळीतून द्रावणात ठिबकणारा पारा हे या उपकरणातील विद्युत् अग्र असते. प्रत्येक थेंबागणिक त्याचा पृष्ठभाग नवा व स्वच्छ मिळतो. विद्युत् दाब हळूहळू वाढवला असता प्रत्येक धातूचे आयन ठरावीक दाबाला इलेक्ट्रॉन स्वीकारतात आणि प्रवाह एकदम वाढतो. आलेखातील या पायरीच्या स्थानावरून धातू कोणता हे कळते, तर तिच्या उंचीवरून त्याचे प्रमाण.

प्रारंभी एकेक नोंद हाताने घ्यावी लागे. १९२४ मध्ये जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासह त्यांनी छायाचित्रण कागदावर आपोआप आलेख उमटवणारे उपकरण तयार केले.

उत्तरायुष्य

१९२६ मध्ये ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात भौतिकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३९ मध्ये नाझी राजवटीने चेक विद्यापीठे बंद केली. तरीही योहान बोम या जर्मन सहकाऱ्याच्या मदतीमुळे त्यांचे संशोधन सुरू राहिले. १९५० मध्ये प्राग येथील ध्रुवालेखन संस्थेचे ते संचालक झाले. त्यांना मिळालेले नोबेल पारितोषिक हे चेकोस्लोव्हाकियाचे पहिलेच होते. प्राग येथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

पारा स्वतः विषारी असल्याने आता अनेक ठिकाणी त्याऐवजी कार्बन व बिस्मथ वापरतात. २००९ च्या सुमारास कागदावर कार्बनची शाई छापून विद्युत् अग्रे तयार करण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अशा पट्टीवर धातू आधी साचवतात आणि मग दाब बदलून पुन्हा विरघळवतात. त्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहावरून तो ओळखता व मोजता येतो.

पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग, वास वा चव नसते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात, जेथे अनेक गावांची तहान विहिरी व विंधन विहिरींवर भागते, तेथे जागच्या जागी होणारी प्राथमिक चाचणी उपयुक्त ठरू शकते. शंकास्पद नमुन्याची प्रयोगशाळेत खातरजमा करणे मात्र आवश्यकच राहते.