रेकॉर्डिंगवर विश्वास नव्हता, पण आज हा कंडक्टर रेकॉर्डिंगमुळेच उरलाय

सीडीवर ७४ मिनिटांचंच संगीत का मावायचं, याचा एक किस्सा तुमच्याही वाचनात आला असेल. सोनी आणि फिलिप्स या कंपन्या सीडीचा आकार ठरवत होत्या. बीथोवनची नववी सिंफनी एका सीडीवर अख्खी बसली पाहिजे असं ठरलं आणि मोजमापासाठी तिचं सगळ्यात लांबलेलं रेकॉर्डिंग घेतलं, ते भरलं ७४ मिनिटांचं. किस्सा झकास आहे. पण त्या कामात असलेले फिलिप्सचे इंजिनिअर कीस इमिंक यांनीच तो खोडून काढलाय. दोन कंपन्यांची आपापसातली स्पर्धा आणि धंद्याची गणितं, यातून तो आकार ठरला असं त्यांचं म्हणणं.

पण किस्स्यातलं रेकॉर्डिंग खरं आहे. तारीख २९ जुलै १९५१, ठिकाण जर्मनीतलं बायरॉइथ, आणि वाद्यवृंदासमोर उभा होता विल्हेल्म फुर्टवेंगलर.

गंमत अशी की या माणसाला रेकॉर्डिंग हा प्रकारच फारसा पटत नव्हता.

फुर्टवेंगलरचा जन्म २५ जानेवारी १८८६ चा, बर्लिनमधला. वडील अडॉल्फ नावाजलेले पुरातत्त्वज्ञ, त्यामुळे घरात पुस्तकं, मूर्ती आणि ग्रीक शिल्पांच्या गप्पा. पोरगा लहानपणापासूनच संगीत रचायला लागला. त्याला व्हायचं होतं संगीतकार, कंडक्टरचं काम पोटापाण्यासाठी. १९०६ साली म्युनिकमध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याने पहिली मोठी मैफल केली, ती थेट ब्रुकनरच्या नवव्या सिंफनीची. तासभर चालणारी ही रचना मुरलेल्या कंडक्टरलाही घाम फोडते.

पुढे ल्यूबेक, मानहाइम अशी गावं झाली. १९२२ मध्ये आर्थर निकिश वारले आणि बर्लिन फिलहार्मोनिकची गादी छत्तिशीतल्या फुर्टवेंगलरकडे आली.

त्याची पद्धत अजब होती. बाकीच्यांची छडी जिथे ठोका देते तिथे सगळे वादक एकदम सुरू होतात. याची छडी थरथरत, हेलकावे खात खाली यायची आणि ठोका नेमका कुठे पडला हे नव्या वादकाला कळायचंच नाही. स्वर धारदार कापल्यासारखा न येता खालून, जड तंतुवाद्यांतून उमलत वर यायचा. लयही एकसारखी नाही. कुठे ओढून धरायची, कुठे सोडून द्यायची, हे त्या संध्याकाळी ठरणार. त्याची रेकॉर्डिंग्ज पहिल्यांदा ऐकताना वादक चुकतायत असं वाटतं, ते यामुळेच. खऱ्या चुका होतातच, पण त्या आणि ही पद्धत यात फरक आहे. तो एकदा कानाला कळला की मग ऐकण्यात मजा येते.

अशा माणसाला १९२६ मध्ये स्टुडिओत बसवून बीथोवनची पाचवी सिंफनी रेकॉर्ड करायला लावली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटांचं संगीत मावायचं. म्हणजे चार मिनिटं वाजवा, थांबा, तबकडी बदला, पुन्हा तोच ताव आणा. वीस मिनिटं चढत जाणारी गोष्ट तुकड्यातुकड्यांत सांगायची तर तिचा जीव जाणारच. त्याच्या मते संगीत समोर श्रोते बसलेले असताना घडतं. मैफिलीत रंगलेला ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीवर ऐकणाऱ्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

मग टेप आली. जर्मन रेडिओच्या इंजिनिअरांनी १९४० च्या सुमारास मॅग्नेटोफोनचा आवाज एवढा सुधारला की अख्खी मैफल न थांबता, बऱ्यापैकी स्वच्छ पकडता यायला लागली. फुर्टवेंगलरला जसं वाजवायचं होतं तसं साठवणारं यंत्र अखेर मिळालं, पण ते मिळालं नाझी राजवटीत.

तो नाझी पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही. १९३४ मध्ये राजवटीला नकोसे झालेले संगीतकार हिंडेमिथ यांची त्याने वर्तमानपत्रात जाहीर बाजू घेतली आणि प्रकरण पेटल्यावर सगळी पदं सोडली. अनेक ज्यू वादकांना त्याने मदत केली. पण देश सोडला नाही आणि १९३५ पासून पुन्हा वाजवायला लागला. मार्च १९४२ मध्ये बर्लिनच्या जुन्या फिलहार्मोनी सभागृहात त्याने बीथोवनची नववी सादर केली. त्यानंतर महिन्याभरात, १९ एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तीच सिंफनी पुन्हा झाली. त्या दिवशीच्या चित्रफितीत गोबेल्स त्याच्याशी हस्तांदोलन करताना दिसतो.

मार्चच्या मैफिलीची टेप आजही ऐकता येते. मोठ्या जागी आवाज फाटतो, नगाऱ्यांचे घाव माइकला पेलत नाहीत, समूहगान दाटीवाटीचं होतं. ध्वनीला गुण द्यायचे झाले तर जेमतेम पास. पण वादनात असा संताप आणि अशी घाई आहे की हे मानवबंधुत्वाचं गाणं आहे यावर विश्वास बसत नाही. काहींना त्यात राजवटीविरुद्धचा आक्रोश ऐकू येतो. हा अर्थ सोयीचा आहे, कारण टेपवर आवाज असतो, हेतू नसतो. वादनाला मोठं म्हणावं आणि हस्तांदोलनही विसरू नये, एवढं मात्र ऐकणाऱ्याला जमायला हवं.

ते सभागृह ३० जानेवारी १९४४ ला बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. त्याचा घुमार आता फक्त टेपांवर उरलाय.

१९४५ च्या सुरुवातीला फुर्टवेंगलर स्वित्झर्लंडला निसटला. लाल सेना बर्लिनमध्ये आली आणि रेडिओच्या टेपा मॉस्कोला गेल्या. तिथे मेलोडिया कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या, त्या हळूहळू पश्चिमेत पोचल्या आणि १९८७ मध्ये टेपांच्या प्रती बर्लिनला परत आल्या.

या प्रवासात एक तांत्रिक घोटाळा झाला. टेप जराशी वेगात फिरवली की लय वाढते आणि सूरही वर चढतो. त्याची डिसेंबर १९४४ ची व्हिएन्नातली 'एरोइका' युरेनिया नावाच्या अमेरिकन कंपनीने युद्धानंतर परवानगी न घेताच बाजारात आणली, तीही अशीच चढ्या सुरात. फुर्टवेंगलरने कायदेशीर हरकत घेतली आणि तबकडी मागे घ्यावी लागली. त्यामुळे शौकिनांमध्ये तिची किंमत उलट वाढली. म्हणून जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकून कंडक्टर वेगवान होता असं म्हणण्याआधी सूर जागेवर आहे का, ते तपासावं लागतं.

जागेचाही प्रश्न असतो. त्याचा प्रतिस्पर्धी तोस्कानिनी न्यूयॉर्कमध्ये एनबीसीच्या ८-एच स्टुडिओतून वाजवायचा. ती खोली इतकी कोरडी की स्वर वाजताक्षणी विझायचा. व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनमध्ये तोच स्वर रेंगाळतो. एक कडक आणि दुसरा मऊ ही ख्याती काही अंशी भिंतींचीसुद्धा आहे.

युद्धानंतर बर्लिनमध्ये फुर्टवेंगलरची चौकशी झाली, डिसेंबर १९४६ मध्ये. तो सुटला. २५ मे १९४७ ला तो आपल्या वाद्यवृंदासमोर परतला. त्या दिवशीची आणि दोन दिवसांनंतरची, अशी पाचव्या सिंफनीची दोन्ही रेकॉर्डिंग्ज उपलब्ध आहेत. लागोपाठ ऐकून बघा. वादक तेच आहेत, पण थांबे आणि झेपा जागोजागी वेगळ्या. अमेरिकेने मात्र त्याला माफ केलं नाही. शिकागोचं निमंत्रण तिथल्या संगीतकारांच्या विरोधामुळे बारगळलं.

स्टुडिओशी त्याचं थोडं जुळलं ते अगदी शेवटी. १९५२ मध्ये लंडनला वाग्नरचा 'ट्रिस्टन' रेकॉर्ड झाला आणि तो त्यालाही आवडला. पण तोवर ऐकू कमी येऊ लागलं होतं. ३० नोव्हेंबर १९५४ ला बाडेन-बाडेनजवळ न्यूमोनियाने तो गेला.

बायरॉइथची नववी तबकडीवर आली १९५५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. ईएमआयच्या त्या आवृत्तीला जगाने पन्नास वर्षं लाइव्ह मैफिलीचा आदर्श मानलं. मग २००७ मध्ये बव्हेरियन रेडिओची टेप प्रसिद्ध झाली, आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यावर जागोजागी वादन वेगळं निघालं! ईएमआयने तालमीतले तुकडे जोडले होते, असं अनेक जाणकार मानतात. ईएमआयच्या काही आवृत्त्यांत सुरुवातीला मंचावर येणाऱ्या फुर्टवेंगलरच्या पावलांचा आवाज आहे. संग्राहक त्याच आवृत्त्या शोधत फिरतात.