सखाराम गणेश पंडित : परमुलखात आपल्या माणसांचा खटला लढणारे वकील

मादन हिप्परगा, आळंद आणि आसपासच्या गावांतील मराठी घरांमध्ये आता पुण्या-मुंबईबरोबर अमेरिकेचाही विषय निघतो. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, कुणाची सून शिकते आहे. लग्नकार्यात भेट झाली की खुशाली विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ग्रीन कार्डाचं कुठवर आलं? पण सुमारे शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेलेल्या माणसाला तिथे कायमचे राहण्याचा आणि नागरिक होण्याचा हक्क आहे की नाही, हाच प्रश्न कोर्टात होता. तो लढवणाऱ्यांत सखाराम गणेश पंडित हे एक प्रमुख नाव. अमेरिकेतील भारतीयांच्या इतिहासात ते सुपरिचित आहे. नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते, पण आपल्याकडे त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. मंडळाच्या सभासदांना, विशेषतः ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांना, हे चरित्र उपयोगी वाटेल म्हणून येथे देत आहे.

सुरुवातीची वर्षे

पंडितांचा जन्म १८७५ सालचा, ब्राह्मण कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेला गेले. त्या काळी तिकडे जाणारे बहुतेक हिंदी लोक पंजाबचे शेतकरी होते. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ आणि कॅलिफोर्नियातील शेते ही त्यांची कामाची ठिकाणे. पंडित मात्र शिकलेले होते. आरंभी ते तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत. पुढे ते लॉस एंजेलिसला स्थायिक झाले आणि हा देश आपला मानून त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला.

येथे त्या वेळचा कायदा समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे. अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला नागरिक होता येईल, असे त्यात होते. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. म्हणजे अर्जदाराला आपण गोरे आहोत किंवा आफ्रिकी वंशाचे आहोत, यांपैकी एक सिद्ध करावे लागे. चिनी लोकांना १८८२ च्या कायद्याने स्पष्टपणे बाहेर ठेवले होते. हिंदी माणसाचे नाव मात्र कुठल्याच रकान्यात नव्हते. त्यामुळे निर्णय प्रत्येक न्यायाधीशाच्या समजुतीवर अवलंबून राही.

मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९१० मध्ये नागरिकत्वास पात्र ठरवले. १९१३ मध्ये अक्षयकुमार मोझुमदार यांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळाले. त्या वेळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियन, म्हणजे युरोपियनांच्याच वंशाचे, असे म्हटलेले असे. वकील त्या पुस्तकांचा आधार घेत.

पंडितांचा अर्ज लॉस एंजेलिसच्या कोर्टात चालला. सरकारच्या अधिकाऱ्याने तेथे हजर राहून हरकत घेतली. दोन्ही बाजू ऐकून कोर्टाने पंडित पात्र आहेत असा निर्णय दिला आणि १९१४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्या निर्णयाविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात गेले नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. बारा वर्षांनी तीच त्यांच्या कामी आली.

वकिली

नागरिक झाल्यावर पंडितांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळाली. त्या राज्यात वकील होण्यासाठी नागरिक असणे सक्तीचे होते. ही अट थेट १९७२ पर्यंत टिकली. ते नोटरीही झाले. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला.

त्या वर्षांत कॅलिफोर्नियातील हिंदी माणसाला वकिलाची गरज पदोपदी पडे. १९१३ च्या आणि नंतर १९२० च्या जमीन कायद्याने, नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नसे. पुढे ती खंडाने करण्यावरही बंदी आली. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा बंदीचा ठरवला आणि हिंदुस्थानातून नवे मजूर येणे जवळजवळ थांबले. जे आधीच तिथे होते त्यांच्या दृष्टीने नागरिकत्वाचा कागद म्हणजे जमीन, धंदा आणि कुटुंब या सगळ्याचे मूळ होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तेच एकमेव तारण. ते गेले तर बाकीचे सगळे खाते बुडाले.

थिंद खटला

भगतसिंग थिंद हे अमृतसरकडचे शीख तरुण. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकारने अपील केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. थिंद यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांमध्ये पंडित होते.

आशेला जागा होती. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ओझावा या जपानी गृहस्थांच्या खटल्यात याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा असे म्हटले होते. त्या हिशेबाने थिंद यांची बाजू बळकट दिसत होती. पण १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल वाचला तेव्हा कसोटीच बदलली होती. शास्त्राची पुस्तके काय म्हणतात ते महत्त्वाचे नाही, सामान्य अमेरिकन माणूस गोरा कुणाला समजतो ते पाहायचे, आणि त्या अर्थाने हिंदू माणूस गोरा ठरत नाही, असा तो एकमताचा निकाल होता. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानच्या कुठल्याही माणसाला, शीख असो की मुसलमान, हिंदूच म्हणत. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले होते, हेही नोंदवण्यासारखे आहे.

या खटल्याबद्दल आज एक गोष्ट मनाला खटकते, ती सांगितली पाहिजे. आम्ही उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोरे, असा युक्तिवाद त्यात केला गेला होता. कायद्याने दुसरे दारच ठेवले नव्हते हे खरे. पण ज्या भिंतीने आपल्याला अडवले त्या भिंतीलाच मान्यता देऊन आत जाण्याचा तो प्रयत्न होता.

नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम

थिंद निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची प्रमाणपत्रे रद्द करण्यासाठी दावे सुरू केले. ती कायद्याविरुद्ध मिळवलेली आहेत, असे कारण दिले गेले. अनेकांनी लढण्याआधीच हार मानली. वकिलाचा खर्च मोठा होता आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर होता.

याचा परिणाम काय झाला ते वैष्णोदास बगाई यांच्या आयुष्यावरून कळते. पेशावरचे हे व्यापारी १९१५ मध्ये पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढले, १९२१ मध्ये नागरिक झाले. नागरिकत्व काढून घेतल्यावर त्यांना व्यवसाय आणि मालमत्ता गमवावी लागली. हिंदुस्थानला भेट देण्यासाठी अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पंडितांचा स्वतःचा खटला

१९२३ मध्ये सरकारने पंडितांवरही दावा लावला. आता ते स्वतःच पक्षकार होते. काय काय जाणार होते ते पाहा. अमेरिकेचे नागरिक होताना ब्रिटिश प्रजाजन म्हणून असलेला त्यांचा दर्जा संपला होता. म्हणजे हे नागरिकत्व गेले की ते कुठल्याच देशाचे उरणार नव्हते. सनद जाणार, नोटरीचे पद जाणार. त्या काळी विवाहित स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या दर्जाशी जोडलेले होते. त्यामुळे अमेरिकेतच जन्मलेल्या लिलियनबाईंचे नागरिकत्व आणि त्यांच्या नावची जमीनही धोक्यात आली.

पंडित गोरे आहेत की नाहीत या वादात शिरण्यात अर्थ नव्हता. तो रस्ता थिंद निकालाने बंद केला होता. त्यांनी दुसरा मुद्दा पुढे केला. १९१४ मध्ये हाच प्रश्न, याच दोन पक्षांमध्ये, अधिकार असलेल्या कोर्टापुढे आला होता. सरकार हजर होते, त्याने हरकत घेतली होती आणि ते हरले होते. मग त्याने अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून एका माणसाने जन्मदेशाचे नाते सोडले, शिक्षण घेतले, व्यवसाय उभारला, संसार मांडला. आता नऊ वर्षांनी सरकारला तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. आपल्याकडेही दिवाणी कायद्यात हे तत्त्व आहे. एकदा कायम झालेला निकाल त्याच पक्षांमध्ये पुन्हा उघडता येत नाही, हे जमिनीच्या कज्जात अडकलेल्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

खालच्या कोर्टाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानेही तोच निकाल कायम केला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, पण १९२७ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने हिंदी लोकांविरुद्धचे बाकीचे प्रलंबित दावे सोडून दिले. एका माणसाच्या खटल्याने इतरांची घरे वाचली. ज्यांची प्रमाणपत्रे आधीच रद्द झाली होती त्यांना मात्र याचा लाभ झाला नाही. बगाई यांची आत्महत्या या विजयानंतरची आहे, हे विसरता येत नाही.

पुढचा काळ

पंडित लॉस एंजेलिसमध्येच राहिले. नव्याने अर्ज करणाऱ्या हिंदी माणसाला मात्र अजून वीस वर्षे थांबावे लागले. थिंद यांना सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्याचा आधार मिळाला आणि १९३६ मध्ये ते न्यूयॉर्कला नागरिक झाले. सर्वांसाठी दार उघडले ते २ जुलै १९४६ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली तेव्हा. त्याने हिंदुस्थानातून वर्षाला १०० जणांना प्रवेश आणि नागरिक होण्याचा हक्क दिला. १९५२ मध्ये नागरिकत्वासाठी वंशाची अट पूर्ण गेली.

नोव्हेंबर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद हे भारतात जन्मलेले गृहस्थ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. १९४६ चा कायदा झाला नसता तर ते नागरिकही होऊ शकले नसते. पंडितांनी हे पाहिले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

त्याच नोव्हेंबर १९५६ मध्ये आपला गुलबर्गा जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. घराचा उंबरा न ओलांडता आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्त्यात तीन राज्यांची नावे आली. गावाचे आणि माणसाचे नाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरे आणि इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेले असते. बँकेत असताना खाते उघडताना मी हे रोज पाहत असे. इथे एका अर्जाने काम भागते. परदेशातल्या अर्जात याच फरकामुळे महिने जातात.

आज तिथे वंशाची अट नाही, पण रांग आहे. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, आणि कोणत्याही एका देशाच्या लोकांना सुमारे सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. भारतातून अर्ज फार, म्हणून प्रतीक्षा फार. ती मुलांच्या हातात नाही. पण जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी आणि पासपोर्ट यांतली नावे व तारखा एकसारख्या करून ठेवणे आपल्या हातात आहे. जन्माची नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि त्याला जोड म्हणून शाळेचा दाखला व प्रतिज्ञापत्र लागते. ही कामे आईवडील धडधाकट असतानाच उरकून घ्यावीत. आणि काम सनद असलेल्या वकिलाकडेच द्यावे. लवकर करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारे एजंट इथेही आहेत आणि तिथेही.

पंडितांना वाचवले ते १९१४ च्या एका निकालाने. तो त्यांनी रीतसर, सरकारसमोर, उघड सुनावणी होऊन मिळवलेला होता. म्हणूनच बारा वर्षांनी तो कुणालाही मोडता आला नाही.