नाटककार व्हायला निघालेला शरीरशास्त्रज्ञ

आम्हा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या वाट्याला एक पेपर असा येतो की तो बघून मेकॅनिकलची मंडळी हसतात. मानवी शरीराच्या संस्था! पचन, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था, उत्सर्जन... बारावीला बायोलॉजीशी काडीमोड घेतला तो कशासाठी, असं निम्म्या वर्गाला वाटतं. पण या विषयाच्या सुरुवातीलाच एक फार मोठी कल्पना येते. आपल्या पेशी खरं तर बाहेरच्या हवेत राहतच नाहीत, त्या आतल्या द्रवात राहतात आणि तो द्रव एकसारखा ठेवण्यासाठी सगळ्या संस्था राबतात. या कल्पनेशेजारी एक नाव असतं, क्लॉद बर्नार. व्हायवापुरतं पाठ करायचं आणि विसरायचं, असं ते नाव. मी मात्र लायब्ररीत त्याच्या मागे लागले आणि सबमिशनच्या आठवड्यात बाकी सगळं बाजूला राहिलं.

बर्नारचा जन्म १२ जुलै १८१३ चा, फ्रान्समधल्या सँ-ज्युलियँ नावाच्या खेड्यातला. गाव द्राक्षमळ्यांचं, घरची माणसं मळ्यात राबणारी. शिक्षण चर्चच्या शाळांत झालं, तेही अर्धवट सुटलं. मग ल्योनजवळ एका औषधवाल्याच्या दुकानात उमेदवारी. तिथे थेरियाक नावाचं एक जालीम औषध खपायचं, अनेक रोगांवर एकच रामबाण! दुकानात जे बिघडेल, उरेल, शिळं होईल ते म्हणे या थेरियाकच्या भांड्यात जायचं. पोरगं हे सगळं बघत होतं. तपासल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवण्याची त्याची सवय तिथलीच असावी, असं मला आपलं वाटतं.

पण त्याचं मन दुकानात नव्हतंच. त्याला नाटककार व्हायचं होतं. त्याने एक हलकीफुलकी नाटिका लिहिली, ती रंगमंचावर आली आणि थोडी चाललीही. झालं! साहेबांनी पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहिलं आणि १८३४ साली ते बगलेत मारून थेट पॅरिस गाठलं. तिथे सँ-मार्क जिरार्दँ नावाच्या नामांकित समीक्षकाला ते दाखवलं. त्याने वाचलं आणि पोटापाण्यासाठी आधी एखादा धंदा शिकून घे, औषधांच्या दुकानात होतास तर डॉक्टरकीच कर, असा सल्ला दिला. नाटकं सवडीने लिहिता येतील म्हणाला. आपल्याकडे कविता करणाऱ्या पोराला काका-मामा देतात तोच सल्ला की! फरक इतकाच, की इथे तो लागू पडला.

डॉक्टरकीत तरी चमकला का? नाही. इस्पितळातल्या निवासी जागेसाठीच्या परीक्षेत २९ जण निवडले गेले, त्यात याचा नंबर २६ वा. १८४३ मध्ये पदवी मिळाली, पण पुढच्याच वर्षी अध्यापकपदासाठीच्या स्पर्धा परीक्षेत तो पडला. बोलणं प्रभावी नव्हतं. आपल्या हॉस्टेलवर के.टी.च्या यादीपुढे उभं राहून चेहरे पाडणाऱ्यांनी एवढा भाग जरा सावकाश वाचावा.

त्याला ओळखलं ते फ्रान्स्वा माजांदी या प्राध्यापकाने. माजांदी म्हणजे तऱ्हेवाईक आणि फटकळ माणूस. पण या पोराचे हात प्राण्याच्या शरीरात किती सफाईने चालतात हे त्याने हेरलं आणि १८४१ मध्ये त्याला कॉलेज द फ्रान्समध्ये आपला मदतनीस केलं. प्रयोगशाळा म्हणजे ओलसर, कोंदट तळघरासारखी जागा. पगार जेमतेम. एका टप्प्यावर बर्नार सगळं सोडून गावी डॉक्टरकी करायला निघाला होता. तेव्हा पेलूझ नावाच्या रसायनशास्त्रज्ञ मित्राने त्याचं लग्न जमवलं. १८४५ साली फॅनी मार्टिन या डॉक्टरच्या मुलीशी लग्न झालं आणि तिच्या हुंड्यावर प्रयोग चालू राहिले. होय, हुंडाच! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्याच्या कामाकडे येऊ. सगळं सांगत बसले तर हा अंक पुरणार नाही, म्हणून यकृताचीच गोष्ट घेते.

त्या काळी शास्त्रज्ञांचं ठाम मत होतं की साखर बनवतात त्या वनस्पती, प्राणी ती फक्त खातात आणि जाळतात. बर्नारला प्रश्न पडला की ही साखर शरीरात नेमकी कुठे नाहीशी होते? १८४८ मध्ये त्याने कुत्र्यांना नुसत्या मांसावर ठेवलं, साखर अजिबात नाही. तरीही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली! इनपुट शून्य आणि आउटपुट चालू. आपण असतो तर मीटरला शिव्या घातल्या असत्या. त्याने मीटरही पुन्हा पुन्हा तपासला आणि मग मत बदललं. साखर यकृतच बनवत होतं.

विरोधक अर्थातच गप्प बसले नाहीत. मग १८५५ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. तो एकाच यकृतातली साखर दोनदा मोजायचा. एकदा वेळ कमी पडला म्हणून दुसरं मोजमाप दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि आकडा वाढलेला निघाला. दुसरा कोणी असता तर रीडिंग चुकलं म्हणून खोडून मोकळा झाला असता. बर्नारने ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडून साखरेचा अंशही न उरेपर्यंत धुऊन काढलं. नंतर ते तसंच ठेवून दिलं. काही तासांनी त्यात पुन्हा साखर! रक्त नाही, अन्न नाही, तरी साखर. म्हणजे यकृतात साखरेचा साठा दुसऱ्याच कुठल्या तरी रूपात असला पाहिजे. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला. तो म्हणजे ग्लायकोजेन.

इथे इंजिनिअरने थोडं थांबून गणित करावं. आपल्या अंगात रक्त साधारण ५ लिटर, आणि उपाशीपोटी त्यात साखर दर लिटरला सुमारे १ ग्रॅम. म्हणजे एकूण ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा! मेसमध्ये आपण गुलाबजाम हाणतो तेव्हा आतड्यातून याच्या कितीतरी पट साखर येते, आणि रात्रभर उपाशी झोपतो तेव्हा काहीच येत नाही. तरी रक्तातला आकडा फारसा हलत नाही, कारण मध्ये यकृताची टाकी बसवलेली आहे. आलं की साठवायचं, कमी पडलं की सोडायचं. बर्नारने टाकी शोधली, पण तिचा व्हॉल्व्ह चालवणारं इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती लागलं.

तसाच सशाच्या कानाचा प्रयोग. मानेतली एक चेता कापली तर कान गार पडेल असा बर्नारचा अंदाज होता. कापल्यावर कान लाल आणि गरम झाला. यातून कळलं की रक्तवाहिन्यांचा व्यास चेता बदलतात, आणि कुठल्या भागाला किती रक्त द्यायचं ते त्यावर ठरतं. आपल्या भाषेत, ॲक्च्युएटर सापडला.

असे तुकडे जोडत जोडत तो त्या मोठ्या कल्पनेपर्यंत आला. रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव हेच पेशींचं खरं हवामान. बाहेर बर्फ पडो की ऊन, आतलं तापमान, पाणी, प्राणवायू, साखर एका मर्यादेत राहते, म्हणूनच आपण कुठेही हिंडू शकतो. १९२६ मध्ये अमेरिकन वॉल्टर कॅननने याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. कॅननबरोबर काम केलेल्या रोझेनब्लूथला नॉर्बर्ट वीनरने १९४८ मधलं आपलं सायबरनेटिक्सचं पुस्तक अर्पण केलं. शरीराचा धडा कंट्रोल सिस्टीमच्या पुस्तकाच्या इतका शेजारी कसा, ते मला इथे उमगलं.

आता ती न आवडणारी बाजू. हे सगळे प्रयोग जिवंत प्राण्यांवर झाले. सुरुवातीच्या काळात तर भूल देण्याची सोयच नव्हती, ईथर आलं १८४६ मध्ये. पण त्याच्या आवडत्या क्युरारे या विषाचं काय? क्युरारेने स्नायू लुळे पडतात, वेदना मात्र जाणवत राहते, हे दाखवून देणारा माणूस बर्नार स्वतः! आणि तरीही प्राणी हलू नये म्हणून प्रयोगात क्युरारे वापरलं गेलं. एक कुत्रा तर पोटात चांदीची नळी घेऊन पळाला, तो निघाला पोलीस अधिकाऱ्याचाच! बर्नारला बोलावणं आलं. त्याने नळी काढून द्यायचं कबूल केलं, आणि पुढे त्याच अधिकाऱ्याने त्याला अभय दिलं. हा किस्सा तो स्वतः सांगे. मला काही हसू आलं नाही.

फॅनीलाही आलं नसावं. तिच्याच पैशावर चाललेलं हे काम तिला सहन होईना. दोघी मुलीही आईच्या बाजूच्या. १८७० च्या सुमारास नवरा-बायको कायमचे विभक्त झाले. अनेक चरित्रांत फॅनीला कजाग, अडाणी बाई म्हणून निकालात काढलेलं असतं. हे मला पटत नाही. तिचा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर तिच्या नवऱ्याजवळ नव्हतं. ज्ञान मिळणार असेल तर आपल्याला हा हक्क आहे, एवढंच तो म्हणत आला. आज आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते, हे त्याला जाच वाटलं असतं. आणि तरीही मधुमेहाचा प्रत्येक पेशंट त्या तळघराचा थोडासा देणेकरी आहेच. या दोन गोष्टींची वजाबाकी मला जमत नाही.

१८६० नंतर त्याची तब्येत ढासळली. तो गावी द्राक्षमळ्यात जाऊन राहिला आणि सक्तीच्या विश्रांतीत प्रायोगिक वैद्यकाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, ते १८६५ मध्ये आलं. नाटककार व्हायचं राहून गेलं, पण १८६८ मध्ये फ्रेंच अकादमीने, म्हणजे साहित्यिकांच्या मानाच्या संस्थेने, त्याला आपल्यात घेतलं. त्याच साली तो निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयातल्या नव्या जागेत गेला. त्याला चांगली प्रयोगशाळा मिळाली तेव्हा वय पंचावन्न होतं.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. फ्रान्सने त्याचा अंत्यविधी सरकारी खर्चाने केला. त्याआधी हा मान तिथे कुठल्याही शास्त्रज्ञाला मिळाला नव्हता. आतलं हवामान स्थिर असणं म्हणजे काय, हे ज्या व्याख्यानांत त्याने सर्वांत नीट मांडलंय, त्यांचं पुस्तक त्याच वर्षी निघालं.