गुलाम ते वजीर: मलिक अंबर आणि त्यांची जामा मशीद

देवगाव रंगारी असो की खुलताबाद, आपल्याकडे नमाजला पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे, हे आपण लहानपणापासून शिकतो. खरे तर मक्का इथून सरळ पश्चिमेला नाही, साधारण ९ अंश उत्तरेकडे कललेली आहे. मोबाईलवर हे दिसले की काही जण जुन्या मशिदींवर शंका घेतात. एवढ्या फरकाने नमाज बिघडत नाही, असे आलिम सांगतात. किब्ला म्हणजे काबा. त्याची दिशा माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरते. मलिक अंबर यांचे आयुष्य पाहिले की हे चांगले समजते.

१५४८ च्या सुमारास हबशी मुलुखात, म्हणजे इथिओपियात, त्यांचा जन्म झाला. लहान वयातच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या मालकाकडे ते मुसलमान झाले, अंबर हे नाव मिळाले. पुढे निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. जन्मभूमीतून मक्का उत्तरेला, बगदादहून दक्षिणेला, दख्खनमधून पश्चिमेला. मुलूख बदलला, मालक बदलले, काबा तोच राहिला.

चंगेजखान वारल्यावर अंबर मोकळे झाले. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्यांनी नवा सुलतान गादीवर बसवून निजामशाही सावरली. गनिमी काव्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणले. १६२४ ची भातवडीची लढाईही जिंकली.

१६१० मध्ये त्यांनी खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी मिळावे म्हणून नहर काढली आणि १६१२ मध्ये जामा मशीद उभी केली. तिच्या दर्शनी ९ कमानींपैकी ५ अंबर यांच्या. उरलेल्या ४ औरंगजेबाने १६९२ मध्ये बांधल्या. औरंगजेब म्हणजे जहांगीरचा नातू! आजोबांनी ज्यांच्याशी जन्मभर वैर केले, त्यांच्याच मशिदीत नातवाने भर घातली. दोघांच्याही कमानींतून आत गेलेला नमाजी एकाच सफीत, एकाच किब्ल्याकडे उभा राहतो.

१६२६ मध्ये अंबर यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांची कबर आहे, देवगावहून फार लांब नाही. सफीत गुलाम आणि बादशहा यांची जागा वेगळी नसते, हे मुलांना सांगायचे असेल तर त्यांना एकदा ही मशीद आणि ही कबर जरूर दाखवू या. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, आमीन.