हायड्रोजन बॉम्बच्या काळात आजारी संगीतकाराने भीती बोलून दाखवली आणि कुरोसावाने त्यावर सिनेमाच काढला

‘सेव्हन सामुराय’ म्हटलं की दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आठवतो, तलवार घेऊन धावणारा तोशिरो मिफुने आठवतो, शेवटची पावसातली लढाई आठवते. पण सामुराय आले की वाजणारी ती धून कुणाची, असं विचारलं तर चांगले चांगले सिनेमावेडेही गप्प बसतात.

ती धून फुमिओ हायासाका यांची.

जन्म १९१४ चा, सेंदाई शहरातला. पुढे कुटुंब उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, सप्पोरोला गेलं. तिथे वडील घर सोडून गेले आणि काही काळाने आईही वारली. वय सोळा-सतरा. संगीताच्या कॉलेजात जायचा प्रश्नच नव्हता, जे शिकला ते पोरगा बहुतेक स्वतःच शिकला. सोबतीला एक समवयस्क मित्र होता, अकिरा इफुकुबे. दोघांनी मिळून सप्पोरोत नव्या संगीतासाठी मंडळ काढलं.

१९३८ साली हायासाकांच्या एका वाद्यवृंद रचनेला वाइनगार्टनर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ते टोकियोला गेले आणि तोहो या सिनेमा कंपनीत लागले.

कुरोसावाशी गाठ पडली ती १९४८ च्या ‘ड्रंकन एंजल’ मध्ये. त्यातला एक प्रसंग बघाच. क्षयाने पोखरलेला, सगळं गमावलेला गुंड बाजारातून खाली मान घालून चाललाय. अशा वेळी आपल्या सवयीप्रमाणे रडकं व्हायोलिन यायला हवं. इथे लाऊडस्पीकरवर वाजतं ‘कुकू वॉल्ट्झ’ नावाचं आनंदी गाणं. जग आपल्या मजेत आहे आणि हा माणूस मरतोय. त्या उड्या मारणाऱ्या सुरामुळे त्याचं एकटेपण जास्तच टोचतं. चित्र एक सांगतंय तर संगीताने दुसरं सांगावं, यावर दोघांचं एकमत होतं.

‘राशोमोन’ मध्ये कुरोसावाला बाईच्या साक्षीच्या प्रसंगासाठी बोलेरोच्या चालीचं संगीत हवं होतं. हायासाकांनी तसं दिलं, आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी हे तर रावेलचं आहे म्हणून नावं ठेवली. टीका अगदीच चुकीची नव्हती. तरी १९५१ मध्ये व्हेनिसचा गोल्डन लायन ‘राशोमोन’लाच मिळाला. १९५३ ला मिझोगुचींचा ‘उगेत्सु’ सिल्व्हर लायन घेऊन आला. १९५४ ला तर ‘सेव्हन सामुराय’ आणि मिझोगुचींचाच ‘सान्शो’, दोन्ही सिल्व्हर लायनचे मानकरी ठरले. चारही सिनेमांचे दिग्दर्शक दोन, संगीतकार मात्र एकच.

पण तोवर पडद्यावरच्या त्या गुंडाचा रोग संगीतकाराला लागलेला होता. ‘सेव्हन सामुराय’च्या वेळी क्षयाने तब्येत इतकी ढासळली की वाद्यवृंदाच्या लेखनात शिष्य मासारू सातोची मदत घ्यावी लागली. सामुरायांची ती धून आधी नापसंत होऊन कचऱ्याच्या टोपलीत गेली होती आणि तिथून परत काढली, असं सांगितलं जातं.

त्याच वर्षी, १ मार्च १९५४ ला, अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला एक सप्टेंबरमध्ये दगावला. जपान हादरला. याच भीतीतून तोहोने ‘गॉडझिला’ काढला आणि त्याला संगीत दिलं सप्पोरोच्या मित्राने, इफुकुबेंनी.

हायासाकांच्या वाट्याला हीच भीती वेगळ्या वाटेने आली. कुरोसावा त्यांना भेटायला गेले असताना बोलणं बॉम्बकडे वळलं. मरण असं डोक्यावर टांगलेलं असताना माणसाला काम करणं कठीण आहे, असं हायासाका म्हणाले. आधीच मृत्यूशी झुंजणाऱ्या मित्राचं हे बोलणं कुरोसावांच्या डोक्यातून जाईना. त्यातून उभी राहिली ‘आय लिव्ह इन फिअर’ची गोष्ट. बॉम्बच्या धास्तीने सगळं कुटुंब ब्राझीलला हलवायला निघालेला कारखानदार, आणि त्याला वेडा ठरवायला कोर्टात गेलेले घरचे लोक. तेव्हा पस्तिशीत असलेला मिफुने यात म्हातारा झालाय.

सिनेमाचं काम चालू असतानाच, १५ ऑक्टोबर १९५५ ला हायासाका गेले. वय अवघं ४१. उरलेलं संगीत सातोने पूर्ण केलं. नोव्हेंबरमध्ये सिनेमा लागला आणि पडला. जिवलग मित्र गेल्याने कुरोसावा पार खचले होते.

पुढची दहा वर्षं कुरोसावांचे सिनेमे सातोने सांभाळले. हायासाकांचा दुसरा तरुण मदतनीस तोरू ताकेमित्सू याने १९५७ साली तंतुवाद्यांसाठी ‘रेक्विएम’ लिहिलं, ते गुरूच्या आठवणीत लिहिल्याचं मानलं जातं. १९८५ च्या ‘रान’ला संगीत त्याचंच. त्यातल्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात माणसं कापली जातायत, आगी लागल्यात, पण ना किंकाळी ऐकू येते ना तलवारीचा आवाज. बराच वेळ ऐकू येतो तो फक्त ताकेमित्सूचा संथ, उदास वाद्यवृंद.