कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले होते. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकीत ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची मुले बुद्धीने कमी नव्हती. परंतु शहरात राहण्याजेवण्याचा खर्च त्यांना कोठून झेपणार?

१९१९ साली काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. एकदा वसतिगृहातील धान्य संपले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने मुलांपायी पूर्वीच गेले होते. त्या माउलीने गळ्यातील मंगळसूत्रही दिले; पण मुलांना उपाशी झोपू दिले नाही.

साताऱ्यास १९३५ साली शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले व १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल. हायस्कुलातील मुले शेत खणीत, खडी फोडीत आणि त्या श्रमांवर शिकत. पण मॅट्रिक झाल्यावर पुढे काय? कॉलेजासाठी पुणे, सांगली वा कोल्हापूर गाठणे गरिबास अशक्यच होते. म्हणून भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यासच छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तेथेही फीच्या जागी श्रम चालत. १९५४ साली कऱ्हाडास दुसरे कॉलेज निघाले.

मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.