लोकांनी वेड्यात काढलं, कर्जापायी जेल झाली, तरी या माणसाने अमेरिकेतल्या तळ्याचा बर्फ मुंबईत विकून दाखवला

साल होतं १८३४. मुंबईत तेव्हा वीज नव्हती. रेल्वे यायला अजून १९ वर्षं होती. आज जिथे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीचे टॉवर उभे आहेत, तिथे शेतं, खाजण आणि झाडी होती.

अशा मुंबईत बडे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरी एक मेजवानी झाली आणि पाहुण्यांच्या पुढ्यात चक्क बर्फ आला. दुसऱ्या दिवशी यजमान आणि पाहुणे सर्दीने हैराण झाले, अशी बातमीही त्या काळी छापून आली. लोकांना वाटलं, असलं विलायती खाणं खाल्लं की हे व्हायचंच.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. फ्रिज नावाची वस्तू जन्मालाच आली नव्हती, तर मुंबईत बर्फ आला कुठून?

तर तो आला होता अमेरिकेतून, लाकडी जहाजाच्या पोटातून, आफ्रिकेला वळसा घालून. आणि या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी होता बोस्टनचा एक हट्टी माणूस, फ्रेडरिक ट्यूडर.

फ्रेडरिकचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ चा. वडील बोस्टनमधले नामांकित वकील, घरात पैसा भरपूर. भाऊ हार्वर्डला गेले, पण फ्रेडरिकने तेराव्या वर्षीच शाळेला रामराम ठोकला आणि धंद्याच्या मागे लागला.

१८०१ साली तो आजारी भावाला, जॉनला घेऊन हवापालटासाठी क्युबाला गेला. तिथल्या दमट उकाड्याने दोघांचा जीव नकोसा झाला. पुढच्याच वर्षी जॉन वारला. उन्हाळ्यात थंडाव्याचं मोल काय असतं, हे फ्रेडरिकने तेव्हा जवळून पाहिलं होतं.

ट्यूडर कुटुंबाची शहराबाहेर जमीन होती. तिथलं तळं हिवाळ्यात गोठायचं. तो बर्फ कापून बर्फघरात भरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात सरबतात टाकायचा, ही त्या भागातली जुनी पद्धत. १८०५ साली घरात विषय निघाला की हाच बर्फ गरम देशांत नेऊन विकला तर? बाकीच्यांनी तो गप्पांचा विषय म्हणून सोडून दिला. फ्रेडरिकने मात्र मनावर घेतलं.

पहिली अडचण तिथेच आली. एकही जहाजमालक बर्फ न्यायला तयार होईना. माल वितळला तर जहाजात पाणी होणार आणि बाकीचा माल भिजणार, ही त्यांची भीती. मग या पठ्ठ्याने जहाजच विकत घेतलं. फेब्रुवारी १८०६ मध्ये 'फेव्हरिट' नावाचं जहाज बर्फ भरून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघालं. बोस्टनच्या पेपरात त्याची टिंगल झाली. वय होतं अवघं २२.

गंमत म्हणजे बर्फ पोहोचला. पण तिथे तो ठेवायला बर्फघरच नव्हतं, आणि लोकांना या वस्तूचं करायचं काय हेच माहीत नव्हतं. कुणी भर दुपारी उघडाच हातात धरून घरी नेला, कुणी पाण्यात ठेवला, कुणी मिठात. आणि मग बर्फ राहिला नाही म्हणून तक्रार घेऊन आले. शेवटी ट्यूडरने तिथल्या एका बागेच्या मालकाला आईस्क्रीम बनवून दाखवलं. ते हातोहात खपलं, पण एकूण सफरीत त्याचे हजारो डॉलर बुडाले.

पुढची वर्षं आणखी वाईट गेली. १८०७ च्या अखेरीस अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झालं. देणेकरी दारात उभे राहिले. त्या काळी कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंग. १८१२ आणि १८१३ अशी दोन्ही वर्षं ट्यूडर कर्जापायी तुरुंगात जाऊन आला. १८१५ मध्ये पोलिस मागावर असतानाच तो बर्फघराचं लाकूडसामान घेऊन हवानाला निघाला.

आणि इथे त्याच्या डोक्यात मुख्य गोष्ट पक्की बसली. थंडी ही काही भरून ठेवायची वस्तू नाही. आपल्या हातात एवढंच आहे की बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. बर्फ टिकतो तो तेवढ्यामुळे.

त्याने हवानाला दुहेरी भिंतींचं बर्फघर बांधलं. दोन भिंतींच्या मध्ये काय भरायचं यावर प्रयोग केले. पेंढा, कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा असं सगळं भरून पाहिलं. किती तासांत किती पाणी गळतं याचं मोजमाप ठेवलं. भुसा सरस ठरला. अमेरिकेतल्या लाकडाच्या गिरण्यांत भुशाचे ढीग वाया जात होते, त्यामुळे तो स्वस्तही पडायचा.

आता तुमच्या घरच्या फ्रिजकडे बघा. त्याच्या भिंतीसुद्धा दुहेरीच असतात. भुशाच्या जागी फोम भरलेला असतो, एवढाच फरक. आणि दाराच्या कडेने जी रबरी पट्टी फिरते, ज्याला आपण गॅस्केट म्हणतो, ती उष्णतेला आत येऊ न देणारी शेवटची राखण.

मुंबईच्या उपनगरांत बऱ्याच घरांत फ्रिजचं दुखणं इथूनच सुरू होतं. हवा दमट, दार दिवसातून पन्नासदा उघडणार, पट्टीत पीठ आणि तेलकट मळ साठणार. मग पट्टी नीट चिकटत नाही, ओलसर हवा आत शिरते, फ्रीझरमध्ये बर्फाचे थर चढतात आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. दहाची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. नोट अडकून यायला हवी. अलगद निसटली तर तिथे पट्टी सैल आहे. कोमट साबणपाण्याने पट्टी पुसा, खाचांतला मळ काढा. वाकडी झाली असेल तर हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन हाताने सरळ करा. फाटली असेल तर त्याच मॉडेलची नवी पट्टी घ्या.

परत ट्यूडरकडे येऊ.

बर्फ टिकवायचं तंत्र सापडलं, पण गिऱ्हाईक कुठे होतं? त्यावर त्याने शोधलेली युक्ती आजच्या कुठल्याही स्टार्टअपला लाजवेल. त्याने पेयं विकणाऱ्यांना काही दिवस बर्फ फुकट दिला. अट एकच, थंड पेय साध्याच भावाने विकायचं. एकदा गार पिण्याची चटक लागली की माणूस कोमट पेयाकडे वळत नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. हळूहळू चार्ल्सटन, सव्हाना, न्यू ऑर्लिन्स अशी गरम शहरं त्याच्या बर्फावर जगायला लागली.

१८२५ मध्ये त्याचा सहकारी नॅथॅनियल वायथ याने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. तोवर बर्फ हाताने कापायचे, वेडेवाकडे तुकडे निघायचे. आता एकसारखे चौकोनी ठोकळे निघू लागले. ते एकमेकांना खेटून रचता यायचे, मधे हवेला जागाच उरायची नाही, आणि बर्फ कमी वितळायचा. कापण्याचा खर्चही खूप खाली आला.

इथे मात्र फ्रिजचा नियम उलटा आहे, आणि बरेच जण तिथेच चुकतात. जहाजात ठोकळे गच्च रचायचे, कारण तिथे फक्त थंडावा राखायचा होता. फ्रिजमध्ये हवा फिरली तरच सगळीकडे गारवा पोहोचतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये मागच्या जाळीला डबे टेकले की वरची भाजी गोठते आणि खालचं दूध नासतं. मशीन बिघडलं असं वाटतं, पण डबे चार बोटं पुढे सरकवले की बऱ्याचदा काम होतं.

१२ मे १८३३ रोजी ट्यूडरने आयुष्यातला सगळ्यात मोठा जुगार खेळला. 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. जवळपास चार महिन्यांचा प्रवास, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. सप्टेंबरमध्ये जहाज पोहोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. कलकत्त्यातल्या इंग्रजांना स्वर्ग ठेंगणा झाला. सरकारने बर्फावरची जकात माफ केली, लोकांनी वर्गणी काढून बर्फघर बांधलं.

पाठोपाठ मुंबई आणि मद्रास. मुंबईत जहांगीर नसरवानजी वाडिया यांनी अमेरिकन बर्फाचा व्यापार हाती घेतला. पुढे कोटात बर्फघरही उभं राहिलं. हा बर्फ गोरे साहेब, पारशी शेठ आणि दवाखान्यातले रुग्ण यांच्यापर्यंतच पोहोचायचा. गिरगावातल्या किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या माणसाच्या खिशाला तो परवडणारा नव्हता. आज त्याच वेसाव्यातल्या बोटी खोल समुद्रात जाताना कारखान्यातला बर्फ भरून घेतात, कारण बर्फ नसेल तर मासळीला भाव नाही.

हिंदुस्थानच्या धंद्याने ट्यूडरला अक्षरशः वाचवलं. कारण १८३० च्या दशकात कॉफीच्या सट्ट्यात त्याने दोन लाखांहून जास्त डॉलर घालवले होते. ते कर्ज फेडायला त्याला साधारण पंधरा वर्षं लागली, आणि त्यात कलकत्त्याच्या बर्फाचा वाटा मोठा होता. याच धामधुमीत, १८३४ मध्ये, पन्नाशीत त्याने लग्न केलं. सहा मुलं झाली.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याची माणसं वॉल्डनच्या तळ्यावर बर्फ कापायला गेली. त्या तळ्याकाठी तेव्हा लेखक हेन्री डेव्हिड थोरो राहत होता, त्याने हे दृश्य आपल्या पुस्तकात नोंदवलंय. १८५६ साली एकट्या बोस्टनमधून सुमारे १ लाख ४६ हजार टन बर्फ जगभरात गेला. ज्याला वेड्यात काढलं होतं, त्याला लोक आता बर्फाचा राजा म्हणत होते.

पण या राजाचं राज्य बुडवणारी गोष्टही तोवर जन्माला आली होती.

फ्लोरिडातल्या जॉन गॉरी या डॉक्टरने तापाच्या रुग्णांची खोली गार ठेवण्याच्या धडपडीत बर्फ बनवणारं यंत्र तयार केलं. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण पैसा उभा राहिला नाही. आपली बदनामी करण्यामागे ट्यूडर आहे, असा गॉरीला संशय होता. १८५५ मध्ये तो कफल्लक अवस्थेत वारला. ट्यूडर ६ फेब्रुवारी १८६४ रोजी, ऐंशीव्या वर्षी गेला. पुढच्या काही दशकांत यंत्राने बनवलेल्या बर्फाने जहाजातल्या बर्फाचा बाजार उठवला.

ट्यूडर उष्णतेला फक्त अडवू शकत होता. यंत्र आत आलेली उष्णता उचलून बाहेर फेकतं. फ्रिजमधला गॅस आत उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर तो दाबतो आणि मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून ती उष्णता खोलीत सोडली जाते. म्हणून काही फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात, तो बिघाड नाही. पण दहा बाय दहाच्या किचनमध्ये फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला, वर डबे आणि बाजूला पिशव्या कोंबल्या, तर ती उष्णता जाणार कुठे? प्लग काढा, मागची जाळी मऊ ब्रशने झाडा, भिंतीपासून थोडं अंतर ठेवा.

बर्फघरात आणखी एक सोय असायची, वितळलेलं पाणी वाहून जायला गटार. तुमच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्येही मागच्या भिंतीत पाणी जायचं भोक असतं. ते तुंबलं की भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. प्लग काढून कोमट पाणी हळूहळू ओतलं की बहुतेक वेळा मोकळं होतं.

सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाचे थर चढले तर डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि वाट बघा. सुरीने खरवडू नका. आतली नळी फुटली की गॅस जातो आणि शंभर रुपयांचंही नसलेलं काम हजारांत जातं.

आइस मेकर असेल आणि खडे लहान किंवा पोकळ येत असतील, तर पाणी कमी पोहोचतंय का ते आधी बघा. पाण्याचा नळ पूर्ण उघडा आहे का, फिल्टर तुंबलाय का, नळी गोठली आहे का, आणि फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास आहे का.

मात्र गॅस भरणं, कॉम्प्रेसर, वायरिंग यांना हात लावायचा नाही. आजच्या बऱ्याच फ्रिजमधला आर ६०० ए हा गॅस ज्वलनशील असतो. जळका वास, प्लगजवळ ठिणगी किंवा फ्रिजला हात लावल्यावर झटका जाणवला तर मेन स्विच बंद करून मेकॅनिकच बोलवा. आणि घरात कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग सुरू करण्याआधी ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवा. त्याला २ ते ८ अंश लागतात, ते गोठूनही चालत नाही.

ट्यूडरच्या पहिल्या सफरीनंतर १५२ वर्षांनी, १९५८ मध्ये, घाटकोपरला लागून असलेल्या विक्रोळीच्या गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली. जो गारवा कधीकाळी जीजीभॉय यांच्या पंगतीपुरता होता, तो पुढे चाळीतल्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मद्रासचं बर्फघर आजही उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून ते आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

मार्टिनिकच्या लोकांनी बर्फ मिठात ठेवला आणि दोष विकणाऱ्याला दिला. तेव्हा पुढच्या वेळी फ्रिज गार होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन लावण्याआधी एकदा दारात दहाची नोट लावून बघा.